फेरीची तारीख आधी सांगा!

वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी डॉट कॉम, डॉट ऑर्ग असे शब्द असतात. असे नवे शब्द कुणाला द्यायचे हे 'आयकॅन' ही अमेरिकेत नोंदणी झालेली संस्था ठरवते. शब्द ज्याला मिळतो, तो त्याखाली पत्ते कुणाला आणि किती पैशांत द्यायचे हे ठरवतो. थोडक्यात, हे जमीनवाटप आहे आणि ते फेऱ्यांमध्ये होतं. आमचं म्हणणं स्पष्ट आहे: फेरी कधी होणार हा तांत्रिक प्रश्न नाही, संधीचा प्रश्न आहे.

2000 साली छोटी फेरी झाली, 2003-04 मध्ये दुसरी मर्यादित फेरी आणि 2012 मध्ये मोठी. पुढची फेरी अर्जाची मुदत संपल्यापासून एका वर्षात सुरू करण्याचं उद्दिष्ट 2012 च्या नियमपुस्तिकेतच लिहिलं होतं. प्रत्यक्षात तारीख ठरली 30 एप्रिल 2026. एका वर्षाची चौदा वर्षं झाली.

ही दिरंगाई कुणाला परवडली? 2012 मध्ये 1930 अर्ज आले. त्यात उत्तर अमेरिकेतून 911, युरोपातून 675 आणि अख्ख्या आफ्रिका खंडातून फक्त 17. देवनागरीतला 'कॉम' हा शब्दसुद्धा व्हेरिसाइन या अमेरिकन कंपनीच्या ताब्यात गेला. जे आत गेले त्यांना चौदा वर्षं नव्या स्पर्धकाची भीती राहिली नाही. जे बाहेर राहिले ते वाट पाहत बसले.

कुणी म्हणेल, खरी अडचण पैशांची आहे, वेळेची नाही. पैशांची अडचण आहेच. 2012 मध्ये अर्जाचं शुल्क 1,85,000 डॉलर होतं; आता ते 2,27,000 डॉलर, म्हणजे सुमारे दोन कोटी रुपये आहे. पण तेव्हाही शुल्कसवलतीची योजना होती. ती मुख्य अर्जांच्या सोबतच आली, तिच्यासाठी तिघांनीच अर्ज केले आणि एकच पात्र ठरला. माहिती पोचायला आणि तयारी करायला वेळच नसेल, तर सवलत कागदावरच राहते. या वेळी सवलतीचे अर्ज नोव्हेंबर 2024 पासून, म्हणजे जवळपास दीड वर्ष आधी सुरू झाले. ही सुधारणा आम्ही मान्य करतो. वेळ हेही एक साधन आहे, हे आयकॅनने त्यातून कबूलच केलं आहे.

कंपनीकडे वकील आणि सल्लागार पगारावर असतात. खिडकी केव्हाही उघडो, ती तयार असते. एखाद्या भाषिक समूहाला आधी एकत्र बसावं लागतं, संस्था नोंदवावी लागते, निधी आणि तांत्रिक भागीदार शोधावा लागतो. कॅटलान भाषिकांनी हे केलं म्हणून 2003-04 च्या फेरीतून त्यांना डॉट कॅट मिळालं. ती फेरी हुकली असती तर थेट 2012 पर्यंत थांबावं लागलं असतं. भरतीची जाहिरात कधी येईल याचा पत्ता नसताना पुण्यात खोली घेऊन अभ्यास करणाऱ्या पोरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. अनिश्चिततेचा खर्च नेहमी गरीबच भरतो.

मग अर्ज बारमाही खुले ठेवावेत का? नाही. 'जो आधी येईल त्याला' हा नियम वरून समान दिसतो, पण आधी पोचतो तो ज्याची माणसं दारातच उभी असतात तो. म्हणून फेऱ्याच हव्यात, पण जाहीर वेळापत्रकाने.

आयकॅनच्याच धोरण-शिफारशींत दोन पर्याय दिले आहेत: एक तर पुढच्या फेरीची तारीख जाहीर करा, नाहीतर कोणत्या अटी पूर्ण झाल्यावर ती होईल ते सांगा. खरी मेख दुसऱ्या पर्यायात आहे. अट पूर्ण झाली की नाही हे शेवटी आतले लोकच ठरवणार. 'नॉट फाउंड सुटेबल'चा शेरा मारून राखीव जागा कशा रिकाम्या ठेवल्या जातात, हे आपण पाहत आलो आहोत. अटीचा अर्थ लावता येतो, तारखेचा लावता येत नाही.

म्हणून आमची मागणी: सध्याची मुदत 12 ऑगस्ट 2026 ला संपायच्या आत त्यापुढच्या फेरीची तारीख जाहीर करा आणि प्रत्येक फेरीत सवलतीचे अर्ज किमान वर्षभर आधी सुरू करा.

मित्रांनो, आयकॅनच्या मसुद्यांवर जगातला कुणीही विनाशुल्क हरकती-सूचना नोंदवू शकतो. तिथे कंपन्यांचे वकील नियमित लिहितात. आपणही लिहायला हवं.