अर्ध्या तिकिटाची मिशी

मराठी भाषेत मिशीला जेवढा मान आहे तेवढा बँकेत मॅनेजरलाही नाही. मिशीवर ताव मारतात, मिशीला पीळ भरतात, घरात खायला नसलं तरी मिशीला तूप लावतात आणि एखाद्या पोराला गप्प बसवायचं झालं तर "अजून मिसरूड फुटलं नाही आणि चालला शहाणपणा शिकवायला" असं म्हणतात. पण हेच मिसरूड एखाद्याला जरा लवकर फुटलं तर काय करायचं, याबाबत आपल्या नातेवाईक मंडळींकडे खिदळण्यापलीकडे काहीही नाही. या खिदळण्याविरुद्ध माझी तक्रार आहे. ती लेखी देतो आहे, कारण तोंडी तक्रारीचं पुढं काय होतं हे एकवीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसून मला चांगलं ठाऊक झालंय.

प्रकरणाला तोंड फुटलं बसमध्ये. मे महिन्यात आम्ही तिघं गावी निघालो होतो. मी "एक फुल, दोन हाफ" असं सांगितलं. (२०२३ सालापासून बायकांनाही अर्धं तिकीट झाल्यामुळे आमच्या घरात फुल मी एकटाच. या शब्दाचा इंग्रजी अर्थ सौ. आपल्या सोयीनं लावतात.) कंडक्टरनं एका हाफकडे पाहिलं, दुसऱ्या हाफकडे पाहिलं.

"दुसरा हाफ कुठाय?"

"हा काय, खिडकीशी."

"साहेब, याला मिशी आहे."

अख्खी बस मागं वळली. "अकरा पूर्ण आहेत, बारावं चालू आहे," मी म्हणालो. "माझ्या पोराला अठरावं चालू आहे, त्याला पण एवढी नाही," कंडक्टर म्हणाला. त्याचा दोष नाही, तो आपली नोकरी करत होता. जन्मभर लोकांकडे जन्मतारखेचा पुरावा मागत आलेल्या माझ्याकडे भर बसमध्ये जन्मतारखेचा पुरावा मागितला गेला, हा नियतीचा न्याय म्हणायचा. मोबाइलमधलं आधार कार्ड दाखवल्यावर हाफ मंजूर झाला. बस हसली. सौ. हसल्या. मीही हसलो. हाफ तेवढा हसला नाही.

गावी पोचल्यावर तर सत्कारच सुरू झाला. मामा म्हणाला, "या, या, मिशीवाले!" आत्या म्हणाली, "आता सून बघायला हवी." काकांनी "दूध पिऊन ओठ पुसायचा राहिला का रे?" हा विनोद चार दिवसांत सहा वेळा केला आणि सहाही वेळा स्वतःच आधी हसले. शाळेत पोरं त्याला 'अंकल' म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. चिरंजीव तोंडावर हात ठेवून बोलायला लागले. मग रुमाल आला. विचारलं तर म्हणे सर्दी आहे. मे महिन्यात! चुलतभावाच्या मुंजीत सगळे फोटोला उभे राहिले, तेव्हा हा पंगतीत पाणी वाढायला पळाला. घरी स्वतःचं ताट न उचलणारा मुलगा पाणी वाढतोय, इथंच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण हिशोब जुळत नसताना वही मिटून घरी जायची सवय मला बँकेत लागली नसली तरी घरात लागलेली आहे.

मग जून महिन्यातल्या एका रविवारी दुपारी तो न्हाणीघरातून बाहेर आला, तेव्हा ओठापासून हनुवटीपर्यंत रक्ताचा ओघळ होता आणि हातात माझा जुना रेझर. सौ. कापूस आणायला धावल्या. मी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यानं विचारलं, "बाबा, आजी म्हणते तसं आता अजून दाट येतील का?"

ओठ चिरला होता, रक्त थांबत नव्हतं, आणि पोराला भीती कशाची, तर आजीच्या शास्त्राची. माझं ओरडणं तिथंच राहिलं.

तर आता त्या शास्त्राचा समाचार घेऊ.

पहिला मुद्दा : 'ब्लेड लावलं की केस दाट येतात.' मी कॉमर्सचा माणूस, मला एवढंच कळतं की खात्यातून पैसे काढल्यानं शिल्लक वाढत नाही. वाढत असती तर आमच्या काउंटरवर रांगा लागल्या असत्या आणि टक्कल पडलेली माणसं पहाटे पाचला सलूनच्या दारात उभी दिसली असती. केसाचं मूळ कातडीच्या आत असतं, तिथवर ब्लेड पोचतच नाही. न कापलेला केस टोकाला निमुळता असतो. कापला की टोक बोथट होतं, म्हणून हाताला खरखरीत लागतं आणि डोळ्याला काळं दिसतं. शिवाय या वयात केस आपसूकच महिन्यागणिक राठ होत असतात. ते व्हायचेच होते, नाव मात्र ब्लेडचं होतं. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन बाईंनी दाढी केल्यानं केसांची वाढ, जाडी वा रंग बदलत नाही, असं १९२८ साली प्रसिद्ध केलं. शंभर वर्षं होत आली, अजून ते आमच्या आजीपर्यंत पोचलेलं नाही. अर्थात आजीलाच का बोलायचं? केस दाट यावेत म्हणून जावळ काढणारे आपण सगळेच.

आणि काय गंमत आहे बघा. पोराचं जावळ काढायचं तर पेढे वाटतो. मुंज करायची तर हॉल घेतो, पत्रिका छापतो आणि आठ वर्षांच्या मुलाची दोनशे लोकांसमोर हजामत करवतो. डोक्यावरच्या केसांना बँडबाजा, आणि त्याच पोराच्या ओठावरच्या चार केसांसाठी त्यानं कडी लावून चोरून रेझर धरायचा!

दुसरा मुद्दा : 'हे काय वय आहे?' हेच वय आहे. मुलगे वयात यायला साधारण नववं ते चौदावं या दरम्यान कधीही सुरुवात होते. ओठाच्या दोन कोपऱ्यांपासून लव काळी व्हायला लागते, मग मधली जागा भरते, गाल आणि हनुवटी त्यानंतर. कुणाची गाडी आधी सुटते, कुणाची उशिरा. नऊच्या आत अशा खुणा दिसल्या तर मात्र हसत बसू नये, डॉक्टरांकडे जावं. आम्हीही जाऊन आलो. डॉक्टरांनी मुलाला तपासलं, मग माझ्या गालांकडे पाहिलं आणि म्हणाले, "वारसाहक्क आहे." वडिलांकडून मिळालेली ही एवढीच इस्टेट, आणि तिच्यावरून त्याला सगळे हसतात.

तिसरा मुद्दा सगळ्यात लाडका : 'आमच्या वेळी नव्हती असली थेरं. सहन करायला शिकावं माणसानं.' आमच्या वेळी काय होतं ते सांगतो. आमच्या वडिलांचा हुकूम होता, दहावी होईपर्यंत ब्लेडला हात लावायचा नाही. माझ्या दहावीच्या वर्गाचा फोटो अजून घरात आहे. त्यात शेवटून दुसऱ्या रांगेत एक मुलगा मान खाली घालून उभा आहे. सगळ्यांना वाटतं, मी डोळे मिटले. मी ओठ लपवत होतो. इतकी वर्षं मी तो किस्सा विनोद म्हणून सांगत आलो, आणि तरीही परवा बसमध्ये सगळ्यांबरोबर हसलो. सहन करून माणूस काय शिकतो, तर पुढच्याला हसायला.

रक्त थांबलं, चार दिवसांनी खपली पडली आणि पुढच्या रविवारी आम्ही दोघं आरशासमोर उभे राहिलो. आधी त्याला विचारलं, काढायची आहे की ठेवायची? कारण काही पोरांना आपल्या मिसरुडाचा अभिमान असतो, त्यांच्या मागं रेझर घेऊन लागणं हाही छळच. तो म्हणाला, काढायची. मग त्याला त्याचा स्वतःचा नवा रेझर दिला. दुसऱ्याचा वापरायचा नाही, बापाचासुद्धा नाही. रक्तातून कावीळ-बीसारखे रोग जातात. कोमट पाणी, भरपूर फेस, केस ज्या बाजूला वाढतात त्याच बाजूला हलका हात, पुटकुळी असेल तिथं वळसा. ज्यांचा हात थरथरतो त्यांनी ट्रिमर घ्यावा, त्यात कापायची भीती कमी. केस काढायची उग्र क्रीमं कोवळ्या ओठावर नकोत, पोळतात. सगळं मिळून दहा मिनिटं लागली. या दहा मिनिटांसाठी त्या पोरानं कित्येक महिने तोंडावर हात धरला होता.

दिवाळीत पुन्हा गावी निघालो. मधल्या काळात चिरंजीवांना बारा पूर्ण झाली होती. मी तोंड उघडायच्या आत कंडक्टरनंच तिकडं बघून म्हटलं, "पोराचं हाफ ना?"

कॉमर्सचा माणूस क्षणभर मोहात पडला, खोटं कशाला बोलू?

"मला बारा झालीत. फुल द्या," चिरंजीव म्हणाले. आवाज खर्जात सुरू झाला आणि 'फुल'वर येता येता तार सप्तकात फुटला. बस पुन्हा हसली. यावेळी तोही हसला. आणि त्याचे दोन्ही हात मांडीवर होते.