पुडी आणायला पोराला पाठवायचं आणि पाचवं शील शिकवायचं?

२६ जून २०२५ ची सकाळ. वस्तीजवळच्या एका शाळेत मला व्यसनमुक्तीवर बोलायला बोलावलं होतं. आपल्या राज्यात या दिवशी दोन कार्यक्रम एकत्र उरकतात. राजर्षी शाहू महाराजांची जयंती, म्हणजे सामाजिक न्याय दिन, आणि जागतिक अमली पदार्थविरोधी दिन. फोटोला हार, हात पुढे करून शपथ, चॉकलेट, घरी. माझ्याआधी बोलणाऱ्या पाहुण्यांनी मुलांना सांगितलं की तुमच्या वस्त्यांमध्ये व्यसनं जास्त, म्हणून तुम्ही मागे राहता. सहावीतला एक मुलगा उठला. आमच्या विहारातल्या अभ्यासिकेत येतो तो. म्हणाला, "सर, दारू एवढी वाईट आहे तर सरकार दुकानाला लायसन कशाला देतं?"

सगळे हसले. त्याला खाली बसवलं गेलं.

मला त्या हसण्याचा राग आहे. त्या सभागृहात अकलेचा एकच प्रश्न विचारला गेला होता, आणि तो जवळपास शंभर वर्षांपूर्वी बाबासाहेबांनी विचारलेल्या प्रश्नाच्या अगदी जवळचा होता. मार्च १९२७, महाडच्या चवदार तळ्याच्या काहीच दिवस आधी. मुंबई विधिमंडळात शिक्षणावरच्या खर्चाची चर्चा चालू होती. बाबासाहेबांनी सरकारपुढे सरकारचेच आकडे ठेवले: शिक्षणावर माणशी खर्च १४ आणे, आणि अबकारीतून माणशी वसुली दोन रुपयांहून जास्त. त्यांची मागणी साधी होती. दारूतून लोकांकडून जेवढं घेता, तेवढं तरी त्यांच्या शिक्षणावर घाला. हे भाषण आपल्याकडे शिक्षणाच्या संदर्भात सांगितलं जातं. व्यसनमुक्तीच्या व्यासपीठावर ते मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

आता २०२५ चा जून पाहा. मुलांना शपथ देण्याच्या पंधरवडाभर आधी राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं आणि त्यातून वर्षाला १४ हजार कोटी रुपये जास्तीचे मिळतील असा अंदाज दिला. म्हणजे मोठ्यांनी प्यावं हे तिजोरीच्या हिशोबात धरलेलं आहे, आणि पोरांनी पिऊ नये हे शपथेत. सहावीतल्या पोराला ही विसंगती दिसते. पाहुण्यांना दिसत नाही.

आणि ‘तुमच्या वस्त्या’ हा शब्दप्रयोग तर मुळीच ऐकून घेऊ नका. ज्या शहरात बाबासाहेबांनी १९५० साली मिलिंद महाविद्यालय सुरू केलं, ते शहर आज देशात बिअरच्या कारखान्यांसाठी ओळखलं जातं. २०१६ च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्या वेळी मराठवाड्यातल्या दारू कारखान्यांचं पाणी तोडावं म्हणून लोकांना उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जावं लागलं, आणि न्यायालयाने आधी ५० आणि मग ६० टक्के कपातीचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालय आणि अहमदाबाद पोलिसांनी शहरात आणि पैठण एमआयडीसीत छापे टाकून कोकेन, मेफेड्रोन, केटामाईन पकडलं. किंमत अडीचशे कोटींच्या घरात सांगितली गेली. हा माल कुठल्या झोपडीत तयार होत होता? वस्तीत ना कारखाना आहे, ना मालक. वस्तीत आहे तो शेवटचा गिऱ्हाईक, आणि भाषण फक्त त्यालाच ऐकवलं जातं.

मग मुलांना शिकवायचं काय? सडलेल्या फुप्फुसाचं चित्र दाखवून काही होत नाही, हे आठ-नऊ वर्षं वस्तीत काम करून सांगते. मूल दोन मिनिटं घाबरतं, मग बाहेर पाहतं तर काका रोज तंबाखू खाऊनही धडधाकट फिरताना दिसतो. मुलाच्या लेखी आपण खोटे ठरलो, की पुढचं काहीच ऐकलं जात नाही.

आम्ही अभ्यासिकेत आता बोटं मोजायला शिकवतो. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. सुपारी आणि गुटखा खाणाऱ्यांच्या गालाची आतली कातडी हळूहळू कडक होत जाते, तोंड उघडेनासं होतं, तिखट झोंबायला लागतं. ही कर्करोगाच्या अलीकडची पायरी असते. तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा हे करते, ती स्वतः कर्करोगकारक आहे. ‘साधी सुपारी आहे, खाऊ दे’ म्हणणाऱ्या आज्यांना हे सांगायला पोरांना फार आवडतं. एका मुलीने घरी जाऊन मामाला बोटं घालायला लावली. दोनच गेली. ती रडत आली, आणि आम्ही मामाला घाटीच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात नेलं. तो अजून उपचार घेतोय. पोस्टर पाहून तो कधीच गेला नसता.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले आणि २४.४ टक्के बिनधुराचा तंबाखू खाणारे. तरीही शाळेच्या भिंतीवर चित्र सिगारेटचं! राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. बंदीनंतर पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत आला, गिऱ्हाईक ते हातावर एकत्र करतं, आणि सिनेमातले नट वेलचीच्या नावाखाली त्याच ब्रँडची जाहिरात करतात. ही चलाखी सातवीच्या मुलांना फळ्यावर समजावली की ती हसतात, मग चिडतात. मला ते चिडणं हवं आहे. भीती दोन दिवसांत विरते. कुणीतरी आपल्याला मूर्ख बनवतंय हे कळलेलं पोर सहज विसरत नाही.

दारूबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की आरोग्याला सुरक्षित असं दारूचं कुठलंच प्रमाण नाही. पण आपल्या शहरातल्या मोठ्या पोरांना त्याहून आधी ‘बटन’बद्दल बोलायला हवं. झोपेच्या आणि मानसिक आजाराच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकल्या जातात, दारूबरोबर घेतल्या तर श्वास मंदावतो, झोपेत माणूस जातो. व्हाइटनर आणि पंक्चरचं सोल्युशन हुंगणाऱ्या पोराचं हृदय पहिल्याच वेळी बंद पडू शकतं. केंद्र सरकारच्या २०१९ च्या अहवालात हुंगण्याच्या नशेचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त निघालं: मोठ्यांत ०.५८ टक्के, मुलांत १.१७ टक्के. भुकेवर आणि थंडीवर सर्वात स्वस्त तीच पडते. इथे ‘संगत वाईट’ म्हणून हात झटकणाऱ्याने आधी ते पोर रात्री कुठे झोपतं ते बघावं.

आता आपल्या घरचं बोलते. काही जणांना आवडणार नाही.

कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकता येत नाही, आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत कुणालाच विकता येत नाही. बालन्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार मुलाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. टपरीवाल्यावर अर्ज करायला मीही तयार आहे. पण टपरीवर ते पोर गेलं कसं? "जा रे, पुडी घेऊन ये, उरलेल्या पैशाचं चॉकलेट घे." हे कोण म्हणतं? वंदनेला पहिल्या रांगेत बसणारे आपलेच बाबा, आपलेच काका. पंचशील म्हणताना पाचव्या शिलावर आवाज चढतो, आणि विहाराच्या पायरीवर चपला घालता घालता चुना मळायला सुरुवात होते. मुलं शब्दांपेक्षा पायरीवरचं जास्त लक्षात ठेवतात. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या गाडीमागे काय चालतं, ते क्रांती चौकात उभं राहून पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आपल्यातले काही तरुण कार्यकर्ते यावर म्हणतात, "ताई, हे सुधारणावाल्यांचं काम झालं. मूळ प्रश्न सत्तेचा आहे. तुम्ही असं लिहिता आणि आपल्याला नावं ठेवणाऱ्यांच्या हातात कोलीत देता." नावं ठेवणाऱ्यांना कोलीत लागत नाही, ते पाहुणे माझ्या लेखाची वाट पाहत नव्हते. आणि १९५६ च्या धम्मदीक्षेत दिलेल्या २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, ती काय सवर्णांना खूश करायला होती? सत्तेचाच प्रश्न म्हणाल, तर गोळीच्या नशेत सापडलेल्या आपल्या पोराचं नाव एकदा पोलिसांच्या यादीत चढलं की पुढची दहा वर्षं तो तारखा करतो. भरतीला तो नसतो, मोर्चाला नसतो, मतदानालाही त्याला कुणीतरी ओढून न्यावं लागतं.

या वर्षी जयंती मंडळाच्या बैठकीत मी दोन ठराव मांडणार आहे. पहिला: आपल्या गल्लीतलं कुणीही कुठल्याही पोराला पुडी किंवा बाटली आणायला पाठवणार नाही, पाठवलं तर वर्गणीच्या पावतीबरोबर त्याचं नाव फळ्यावर लागेल, मग तो मंडळाचा अध्यक्ष का असेना. दुसरा: माहिती अधिकारात अर्ज करून आपल्या जिल्ह्यातून उत्पादन शुल्क किती गोळा झालं, आणि जिल्ह्यातल्या महापालिका व जिल्हा परिषदेच्या शाळांवर किती खर्च झाला, ते मागवायचं. दोन्ही आकडे १४ एप्रिलला भडकल गेटच्या पुतळ्याजवळ मोठ्या फलकावर लावायचे. शेजारी १९२७ चे आकडे लिहायचे. फलक वाचून दाखवायला सहावीतून सातवीत जाणारा तोच मुलगा उभा करायचा.

दुसऱ्या ठरावाला टाळ्या पडतील, हे मला आत्ताच माहीत आहे. भांडण पहिल्यावर होईल. म्हणून तो आधी मांडणार आहे.