गच्चीवरचं ऊन कुणाचं?

सोसायटीच्या मीटिंगला मी सहसा जात नाही. रविवारी सकाळी झोप सोडून पार्किंगची भांडणं कोण ऐकणार? पण गेल्या वर्षी कोथरूडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मेंटेनन्स वाढवायचा विषय निघाला. कारण लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांचं बिल! माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, 'गच्चीवर सोलर लावूया ना!' झालं. जो बोलेल त्यानेच करायचं, हा सोसायटीचा अलिखित नियम.

मग काय, एक्सेल शीट उघडली. एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट जागा आणि चांगलं ऊन असेल तर दिवसाला चारेक युनिट. आम्हाला हवे होते १० किलोवॉट. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन मीटरसाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये सबसिडी, म्हणजे १,८०,०००. दिवसा उरलेली वीज नेट मीटरमधून ग्रिडला द्यायची, रात्री तेवढी वळती करून घ्यायची. प्रेझेंटेशन एकदम हिट!

तेवढ्यात पाचव्या मजल्यावरच्या काकू उठल्या. 'आणि माझ्या कुरडया?' गच्चीची दक्षिण बाजू म्हणजे त्यांच्या वाळवणाची हक्काची जागा. पॅनेललाही नेमकी तीच हवी, कारण उत्तरेला टाकीची सावली, आणि एका पॅनेलवर सावली पडली की ओळीतल्या बाकीच्यांनाही फटका. शेवटी काकूंच्या वाट्याला जिन्यालगतचा एक पट्टा आला. महिनाभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

खरी फजिती मेमध्ये झाली. भर दुपारी लाइट गेले. वर ऊन रणरणतंय आणि लिफ्ट बंद! खाली माझे बाबा, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले. 'तुझी वीज कुठे गेली गं?'

आमच्यासारखी बिनबॅटरीची सिस्टिम ग्रिड गेला की आपोआप बंद पडते. नाहीतर तारांवर काम करणाऱ्या लाइनमनला आपलाच करंट बसायचा. हे मला माहीत होतं. शीटमध्ये एक ओळही होती. पण बॅटरीचा खर्च ऐकून सगळे माघार घेतील, म्हणून मीटिंगमध्ये मी ती ओळ गाळली होती.

बाबा वॉचमनच्या खुर्चीवर पाऊण तास बसून. काकू पाच मजले उतरून त्यांच्यासाठी ताक घेऊन आल्या. ग्लास त्यांच्या हातात दिला आणि मला म्हणाल्या,

'बॅटरीचे किती होतात? आता खरं सांग.'