‘नको’ म्हणण्याचा हक्क: सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचा जाहीरनामा

आम्ही सॉफ्टवेअर वापरणारे लोक आहोत. आमच्यात डीटीपी करणारे आहेत, शिक्षक आहेत, दुकानदार आहेत, तहसील कचेरीबाहेर बसून लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देणारे आहेत, पेन्शनवर घर चालवणारे आहेत आणि सॉफ्टवेअर लिहून पोट भरणारेही आहेत. दिवसातले कित्येक तास आमचा हात माउसवर नाहीतर बोट मोबाइलच्या काचेवर असतं. त्या काचेवर काय कुठे असावं, काय बदलावं, काय आहे तसंच राहावं, याबद्दल आम्हाला कुणी विचारत नाही. ते विचारलं गेलं पाहिजे आणि आमचं उत्तर ‘नको’ असेल तर तेही मानलं गेलं पाहिजे, यासाठी आम्ही एकत्र येत आहोत.

बदलाशी आमचं वैर नाही. मोबाइलवर मराठी लिहिता येणं, घरबसल्या सातबारा काढता येणं, दृष्टी नसलेल्याला फोनने स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणं, हे सगळं बदलामुळेच मिळालं आणि ते आम्हाला हवंच होतं. आमची तक्रार आहे ती न विचारता लादल्या जाणाऱ्या बदलाबद्दल.

ऑक्टोबर २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ८ आणलं आणि १९९५ पासून लोकांच्या सवयीचं झालेलं स्टार्टचं बटण काढून टाकलं. बोटाने चालवायच्या टॅब्लेटसाठी आखलेले मोठे चौकोन टेबलावरच्या कम्प्युटरवरही आले. लोक इतके वैतागले की वर्षभरात ८.१ मध्ये बटण परत आलं आणि २०१५ च्या विंडोज १० मध्ये त्यामागचा मेन्यूही. ॲपलने २०१३ मध्ये आयओएस ७ आणलं तेव्हा बटणांच्या कडाच गायब झाल्या, अक्षरं बारीक झाली आणि ॲप उघडता-मिटताना स्क्रीन अंगावर झेपावू लागली. काही जणांना त्या हालचालीने चक्कर यायची, मळमळायचं. काही आठवड्यांतच ७.०.३ मध्ये ती हालचाल कमी करण्याची सोय वाढवली गेली, आणि मार्च २०१४ च्या ७.१ मध्ये बटणांचे आकार दाखवण्याचा पर्याय आला. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच कंपनीने आयओएस २६ मध्ये सगळं काचेसारखं पारदर्शक केलं. मागचं चित्र आणि पुढची अक्षरं एकमेकांत मिसळू लागली. दोन महिन्यांच्या आत, २६.१ मध्ये, तो पारदर्शकपणा कमी करायचा पर्याय द्यावा लागला.

या तिन्ही वेळी कंपन्यांनी स्वतःच दाखवून दिलं की पर्याय देता येतो. ओरड झाल्यावर जो देता आला, तो पहिल्याच दिवशी का दिला नाही? आणि ज्यांची ओरड त्यांच्या कानापर्यंत पोचतच नाही, त्यांनी काय करायचं?

आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका बँकेचं ॲप एका वहीच्या आधाराने वापरायच्या. वहीत लिहिलेलं होतं: ‘वरून तिसरा चौकोन, मग निळं बटण, मग खाली सरकवून पासबुक.’ अक्षर मोठं, शिक्षिकेचं, प्रत्येक ओळीखाली रेघ. ही तीन पावलं त्यांनी नातवाकडून शिकून घेतली होती आणि त्यांना त्याचा अभिमान होता. एका सकाळी ॲप स्वतःहून अपडेट झालं. तिसऱ्या चौकोनात आता कर्जाची जाहिरात होती आणि निळं बटण दाबलं की त्याच कर्जाचा अर्ज उघडत होता. ‘आपल्या हातून भलतंच काही व्हायचं’ म्हणून त्यांनी ॲप बंद केलं ते कायमचं. आता त्या रिक्षा करून शाखेत जातात आणि रांगेत उभ्या राहतात. त्या बँकेच्या आकडेवारीत या बाई कुठेही दिसणार नाहीत. फार तर एक वापरकर्ता कमी झाल्याची नोंद असेल.

त्या वहीत जे होतं ते ज्ञान होतं आणि ते कष्टाने कमावलेलं होतं. डीटीपी करणाऱ्याच्या बोटांतही असंच ज्ञान असतं. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये रेमिंग्टन पद्धतीवर घडलेली बोटं कीबोर्डकडे न बघता पानामागून पान लावतात. कुणी सरकारने प्रमाण मानलेल्या इनस्क्रिप्टवर शिकलेलं असतं, तर नवी पिढी रोमन अक्षरांवरून उच्चारानुसार लिहिते. तिन्ही रीती चालू आहेत आणि तिन्ही चालू राहायला हव्यात. एखादं सॉफ्टवेअर यातली एकच ठेवतं तेव्हा बाकीच्यांना ते सांगत असतं की तुमची वीस वर्षांची मेहनत आता फेकून द्या. असं सांगायचा अधिकार त्याला कुणी दिला?

मराठी मजकुराने तर याची जबर किंमत मोजली आहे. युनिकोड रुळण्याआधी प्रत्येक कंपनीच्या मराठी फॉन्टची आतली मांडणी वेगळी होती. एका फॉन्टमध्ये लावलेलं पुस्तक दुसऱ्या मशीनवर उघडलं, तर तो फॉन्ट नसल्यास पानभर निरर्थक चिन्हं दिसायची. पुस्तकांची पुस्तकं, दिवाळी अंकांचे अंक अशा फाइलींमध्ये अडकून पडले. ज्यांना ते पुन्हा छापायचे होते, त्यांच्यापैकी अनेकांना ते नव्याने टाइप करून घ्यावे लागले. म्हणून आपला मजकूर कुठल्याही एका कंपनीच्या परवानगीशिवाय उघडता आला पाहिजे, ही आमच्यासाठी पुस्तकी मागणी नाही.

आजही साधा ‘ल’ आणि ‘श’ घ्या. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या शासन निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठीची वळणं ठरवून दिली. तरीही बहुतेक मोबाइलवर मराठी मजकुरात हिंदी वळणाची अक्षरं दिसतात. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं तयार असतात. हा मजकूर मराठी आहे एवढं ॲपने फॉन्टला कळवायचं असतं. तेवढंही केलं जात नाही, आणि वाचणाऱ्याला ते स्वतः निवडायची सोय कुठल्या सेटिंगमध्ये सापडत नाही.

आम्हाला उत्तर दिलं जातं की प्रत्येक पर्यायाला किंमत असते. लिनक्ससाठी डेस्कटॉप बनवणाऱ्या ग्नोम प्रकल्पाचे हॅवॉक पेनिंग्टन यांनी २००२ मध्ये हा मुद्दा नीट मांडला होता: पर्याय वाढले की तपासण्या वाढतात, चुका वाढतात आणि वापरणारा गोंधळतो. आमच्यात सॉफ्टवेअर लिहिणारे आहेत, त्यांना हे पुरतं माहीत आहे आणि आम्ही ते मान्य करतो. शंभर बटणांचं सेटिंग आम्हालाही नको. पण हिशेब पूर्ण मांडा. पर्याय ठेवायचा खर्च कंपनी मोजते, म्हणून तो ताळेबंदात दिसतो. पर्याय काढून टाकल्याचा खर्च लाखो लोक आपापल्या घरी, आपापल्या वेळात भरतात. तो कुणीच मांडत नाही.

शिवाय ‘नको’ म्हणायची सोय अस्तित्वात आहेच, फक्त ती सगळ्यांसाठी नाही. विंडोजची एलटीएससी नावाची आवृत्ती मिळते. तिच्यात वर्षानुवर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतात आणि रचना जागची हलत नाही. ती संस्थांना घाऊक परवान्यावर विकली जाते. म्हणजे मोठ्या ग्राहकाला स्थैर्य विकत मिळतं आणि किराणा दुकानदाराने मात्र जे येईल ते घ्यायचं. हे तंत्राच्या मर्यादेमुळे घडत नाही. फायरफॉक्स हा ब्राउझर २०१२ पासून दीर्घ मुदतीची आवृत्ती सगळ्यांना फुकट देतो. उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या दर दोन वर्षांनी येणाऱ्या एलटीएस आवृत्तीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात.

म्हणून आमची सगळ्यात मोठी मागणी ही आहे: सुरक्षेची दुरुस्ती आणि रूपबदल वेगळे करा. आज दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून येतात. मागच्या अपडेटने पोळलेला माणूस पुढचं अपडेट बंद करतो आणि त्याबरोबर सुरक्षेची दुरुस्तीही त्याला मिळत नाही. मग त्याच्या खात्यावर डल्ला मारला गेला की त्यालाच अडाणी ठरवलं जातं. ज्या व्यवस्थेने त्याला अपडेटची धास्ती घ्यायला लावली, तिला कुणी जाब विचारत नाही. आम्ही विचारणार आहोत.

दुसरी मागणी नकाराची. जिथे ‘होय’ आहे तिथे तितक्याच ठळक अक्षरांत ‘नको’ असावं आणि एकदा दिलेला नकार कायम राहावा. ‘आत्ता नको’ आणि ‘नंतर आठवण करून द्या’ एवढीच बटणं देणाऱ्याने मुळात प्रश्न विचारलेलाच नाही. तो होकार मिळेपर्यंत थांबणार नाही, एवढंच त्याने कळवलं आहे. २०१६ मध्ये विंडोज १० च्या मोफत अपग्रेडची खिडकी कोपऱ्यातल्या फुलीवर दाबून बंद केली, तरी ठरलेल्या वेळी अपग्रेड करायला संमती आहे असं धरलं जाऊ लागलं. जगभर ती फुली दाबली की समोरचं निघून जातं, आणि इथे तिचाच अर्थ उलटा केला गेला. आपण मर्यादा ओलांडली हे मायक्रोसॉफ्टच्या विपणन प्रमुखांनी त्याच वर्षाच्या शेवटी मान्य केलं, पण तोवर कित्येकांचे कम्प्युटर बदलून गेले होते.

अशा डावपेचांना ‘डार्क पॅटर्न’ हे नाव ब्रिटिश डिझायनर हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये दिलं. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी त्याविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या आणि असे १३ प्रकार नावानिशी नोंदवले. खोटी घाई करणं, गुपचूप टोपलीत वस्तू टाकणं, नकार देणाऱ्याला लाजवणं, वर्गणी बंद करायची वाट अवघड करून ठेवणं, पुन्हा पुन्हा टोचत राहणं हे सगळं त्यात आहे. या सूचनांचं आम्ही स्वागत करतो आणि त्यांचा पुरेपूर वापर करू. पण त्यांचा रोख फसवणुकीवर आहे. उघडउघड, दिवसाढवळ्या तुमच्या हातातलं साधन बदलून टाकणाऱ्याला त्या अडवत नाहीत. आमचं काम तिथून पुढचं आहे.

विकत घेतलेली वस्तू आपली असते, या साध्या समजालाही धक्का बसला आहे. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या वादातून जॉर्ज ऑरवेल यांची ‘१९८४’ ही कादंबरी ग्राहकांच्या किंडलमधून दूर बसून पुसून टाकली. पैसे परत केले, पुढे माफीही मागितली. पण तसं करता येतं हे सगळ्यांना कळलं ते कळलंच. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, म्हणून कितीतरी धडधाकट कम्प्युटर जुने ठरले. आमची मागणी अशी की कंपनीला एखादं सॉफ्टवेअर सांभाळायचं नसेल, तर ज्यांना सांभाळायचं आहे त्यांच्या वाटेत तिने उभं राहू नये. शक्य असेल तिथे कोड खुला करावा.

हे भाबडं स्वप्न वाटत असेल तर मॅटेकडे पाहा. एप्रिल २०११ मध्ये ग्नोमने तिसऱ्या आवृत्तीत लिनक्सच्या डेस्कटॉपची जुनी रचना मोडून नवी आणली. कोड खुला होता, म्हणून अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्याने जुनी रचना उचलली आणि मॅटे नावाने पुढे चालवली. मग इतर लोक जोडले गेले आणि तो डेस्कटॉप आजही चालू आहे. ज्यांना नवं ग्नोम आवडलं त्यांचं यात काहीच बिघडलं नाही. लिब्रेऑफिस या मुक्त सॉफ्टवेअरमध्येही जुना मेन्यू हवा की टॅबची पट्टी, हे वापरणारा ठरवतो. केरळने सरकारी शाळांचं संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर उभं केलं आणि ते टिकवलं. महाराष्ट्रातल्या शाळांना ते का जमू नये, हा प्रश्न आम्ही शिक्षण विभागाला लेखी विचारणार आहोत.

आता आमची स्वतःची जबाबदारी. आमच्यातले जे सॉफ्टवेअर बनवतात, त्यांनी शब्द दिला आहे: लोकांच्या सवयीची जागा बदलायची वेळ आली तर जुनी वाट निदान दोन वर्षं खुली ठेवू, वापरणाऱ्याने केलेली सेटिंग अपडेटने पुसणार नाही आणि त्याचा सगळा डेटा त्याला खुल्या स्वरूपात बाहेर नेता येईल असंच बांधू. साहेबांनी उलट सांगितलं तर निदान बैठकीत विरोध नोंदवू. आमच्यातले जे वापरतात, त्यांनी गप्प न बसायचं ठरवलं आहे. लादलेला बदल आला की आधीचं आणि नंतरचं चित्र जपून ठेवायचं, बनवणाऱ्याला कळवायचं आणि मामला डार्क पॅटर्नचा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवायची. ज्यांना हे जमत नाही, त्यांच्यासाठी शेजारच्याने करायचं.

इथे सभासदत्वाचा फॉर्म नाही, वर्गणी नाही, पदाधिकारी नाहीत. पहिलं काम मराठीचं घेतलं आहे: रोजच्या वापरातल्या प्रत्येक ॲपच्या निर्मात्याला पत्र जाईल, आणि त्यात मराठी वळणाचा ल आणि श, कीबोर्डच्या तिन्ही पद्धती आणि अक्षरं मोठी केल्यावरही न तुटणारी मांडणी मागितली जाईल. पत्र मराठीतच जाईल. ज्यांना सामील व्हायचं आहे त्यांनी आज सकाळी सगळ्यात आधी उघडलेल्या ॲपपासून सुरुवात करावी.