जुन्या घराचा निरोप घेण्यापूर्वी

गेल्या अंकात आपण गुडघे आणि जिने यांच्याविषयी बोललो. त्यातूनच पुढे येणारा विषय आज घेतो आहे. लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आयुष्य काढलेली अनेक माणसे सत्तरी ओलांडल्यावर एका निर्णयापाशी येऊन थांबतात. हे घर विकावे आणि लिफ्ट असलेल्या इमारतीत किंवा तळमजल्यावर राहायला जावे, असा तो निर्णय. तो बहुधा शहाणपणाचाच असतो. मात्र तो अमलात आणण्याच्या चार-सहा महिन्यांत घरातील ज्येष्ठांच्या प्रकृतीवर किती ताण येतो, हे कुटुंबाच्या ध्यानात फार उशिरा येते.

आमच्याही ते उशिराच ध्यानात आले. आईचे घर पुण्यात नारायण पेठेत, तिसऱ्या मजल्यावर होते. रंगकामाच्या दिवसांत आई मावशीकडे राहायला गेली आणि आम्ही भावंडांनी घर ‘दाखवण्याजोगे’ केले. माळे रिकामे केले, जुने सामान हलवले, पडदे बदलले. न्हाणीघराच्या दारापाशी एक जुने लाकडी स्टूल होते; ते वाटेत येते म्हणून काढून टाकले. आई परत आली त्याच रात्री उठली, सवयीने त्या स्टुलाकडे हात टाकला आणि पडली. मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते. त्या काळात घर दाखवणे थांबले आणि जवळजवळ नक्की झालेले गिऱ्हाईक दुसरीकडे गेले. वीस वर्षे त्या स्टुलाच्या आधाराने आई रात्री उठत होती, हे आमच्यापैकी कोणालाही ठाऊक नव्हते. आम्ही तिला विचारलेच नव्हते.

म्हणून पहिली सूचना हीच. घरातील एकही वस्तू हलवण्यापूर्वी ज्येष्ठांसह सगळ्या घरातून एकदा सावकाश फिरावे. आपण कुठे हात टेकता, कशाला धरून उठता, अंधारात कशावरून दिशा ओळखता, हे त्यांना विचारावे. त्या वस्तूंवर कागदाची खूण चिकटवावी. घराचा ताबा देण्याच्या दिवसापर्यंत त्या जागच्या हलू नयेत. न्हाणीघरातील आधाराचा दांडा, उंच केलेले कमोड, पलंगाजवळचा रात्रीचा दिवा हे पाहुण्यांच्या डोळ्यांना खटकतील म्हणून काढण्याचा मोह होतो. तो आवरावा. आधाराचा दांडा दिसला म्हणून कोणी घर नाकारत नाही.

आता कागदपत्रांकडे वळू. घर लवकर विकले जाणे हे रंगापेक्षा कागदांवर अधिक अवलंबून असते. नोंदणीकृत खरेदीखत किंवा करारनामा, त्याची इंडेक्स टूची प्रत, मुद्रांक शुल्क भरल्याचा पुरावा, सोसायटीचे भागपत्र, देखभाल खर्चाची थकबाकी नसल्याचा सोसायटीचा दाखला, मालमत्ता कराची आणि विजेची अलीकडील पावती एवढे एका धारिकेत लावून ठेवावे. सर्वाधिक अडचण येते ती भागपत्रावरील नावाची. यजमानांना जाऊन दहा वर्षे झालेली असतात आणि भागपत्रावर अजून त्यांचेच नाव असते. ‘माझे नाव नामनिर्देशनात आहे’ या समजुतीवर अनेक जणी निर्धास्त असतात. परंतु नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही. मालकी वारसांची असते. मुले आपला हिस्सा आईच्या नावे सोडण्यास राजी असतील, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून घ्यावे. हे काम गिऱ्हाईक येण्याच्या आधीचे आहे. गिऱ्हाईक दारात असताना ते काढले, तर घाई होते, भावंडांत शब्दाला शब्द लागतो आणि आईचा रक्तदाब वाढतो.

मुलगा किंवा मुलगी परदेशात असेल, तर त्यांचे कुलमुखत्यारपत्र तेथील भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन येते. ते भारतात पोहोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावरील मुद्रांक शुल्क भरावे लागते, हे लक्षात ठेवावे. ज्येष्ठांना दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाणे खरोखरच अशक्य असेल, तर नोंदणी कायद्यात घरी येऊन दस्त नोंदवण्याची तरतूद आहे. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्रासह आधी अर्ज करावा. आजारी माणसाला खुर्चीत बसवून चौघांनी जिना उतरवण्याची गरज नाही.

कागद मार्गी लागले की आवराआवर. चाळीस वर्षांचा संसार एका रविवारी आवरत नाही आणि आवरूही नये. रोज एक तास, एक कप्पा, असा नेम ठेवावा. ज्येष्ठांनी टेबलाशी खुर्चीत बसावे. वस्तू त्यांच्यासमोर कोणीतरी आणून ठेवाव्यात. स्टुलावर किंवा शिडीवर ज्येष्ठांनी चढायचे नाही, मग माळ्यावर कितीही महत्त्वाची ट्रंक असो. माळ्यावरची धूळ आणि जुन्या कागदांवरची बुरशी दमेकऱ्यांना त्रासदायक असते. अशा वस्तू आधी ओल्या फडक्याने पुसून घ्याव्यात आणि तोंडाला मास्क लावावा. सुरुवात स्वयंपाकघरातील जास्तीच्या भांड्यांपासून करावी. पत्रे आणि छायाचित्रे अगदी शेवटी. पहिल्याच दिवशी लग्नातला अल्बम उघडला, की काम तिथेच थांबते आणि मन जड होते.

कोणती वस्तू सोबत न्यायची आणि कोणती द्यायची, हे ज्यांचा संसार आहे त्यांनीच सांगावे. शुश्रूषा करणाऱ्यांना माझी विनंती आहे की ‘हे कशाला हवंय?’ हा प्रश्न विचारू नये. त्याऐवजी ‘हे कोणाला द्यायला आवडेल?’ असे विचारून पाहावे. पितळी घंगाळ नातीकडे जाणार आहे, शिवणयंत्र शेजारच्या मुलीच्या उपयोगी पडणार आहे, हे कळले की वस्तूवरचा हात आपोआप सैल होतो. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीची खोली मात्र सगळ्यांत शेवटी आवरावी. रिकामे होत जाणारे घर रोज पाहून अशा व्यक्ती गोंधळतात, रात्री उठून वस्तू शोधू लागतात.

दुरुस्ती करताना खर्च कुठे करावा आणि कुठे करू नये, याचा विचार हवा. गळका नळ, करकरणारी बिजागरी, न लागणारी कडी, फुटलेली फरशी, बंद पडलेले बटन ही कामे आधी करावीत. त्यांना पैसा थोडा लागतो, पण घर सांभाळलेले आहे हे त्यांतूनच दिसते. नवे स्वयंपाकघर, नवे न्हाणीघर असल्या खर्चात पडू नये. घेणारा ते आपल्या आवडीप्रमाणे करणारच असतो आणि आपला खर्च किमतीतून क्वचितच वसूल होतो. ओल असेल तर तिचे मूळ शोधून ते आधी बंद करावे. वरच्या मजल्यावरील घरात गच्चीतून पाणी झिरपत असेल, तर सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार ती दुरुस्ती सोसायटीने करायची असते. तसे लेखी पत्र द्यावे. ओलीवर नुसता रंग फासून ती झाकू नये. पहिल्या पावसात पोपडे निघतात, आणि तशी फसवणूक आपल्या वयाला शोभत नाही.

रंग फिकट असावा आणि काम पावसाळा संपून भिंती सुकल्यावर काढावे. रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत, किमान काही दिवस, दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी दुसरीकडे राहावे. परत आल्यावर मात्र पहिल्या रात्री त्यांच्यासोबत कोणीतरी झोपावे. हे मी अनुभवाने सांगतो आहे.

एक समाधानाची गोष्ट अशी की जे घर वृद्धांसाठी सुरक्षित असते, तेच पाहणाऱ्याला प्रशस्त वाटते. वाटेतील पायपुसणी आणि सुटे गालिचे काढले, वायरी भिंतीलगत बांधल्या, दारापासून खिडकीपर्यंत सुमारे ३ फुटांची मोकळी वाट ठेवली, तर वॉकर नीट फिरतो आणि खोलीही मोठी दिसते. मंद बल्ब काढून उजळ दिवे लावले, खिडक्यांच्या काचा पुसल्या, खिडकीसमोरचे कपाट बाजूला घेतले, तर उतारवयातील दृष्टीला मदत होते आणि घरही हसरे दिसते. कपाटे निम्मी रिकामी असावीत; येणारा माणूस ती उघडून पाहतोच.

घर दाखवण्याची वेळ ठरलेली असावी. दुपारची झोप आणि चहा झाल्यावर, ४ ते ६ ही वेळ बहुतेकांना सोयीची पडते. आठवड्यातून दोन-तीन दिवसच ठेवावेत. दलालाने ‘खालीच उभे आहोत’ असा फोन केला, तरी नम्रपणे नाही म्हणावे. ज्येष्ठ एकटे असताना अनोळखी माणसाला आत घेऊ नये. दागिने बँकेत, मूळ कागद कुलपात आणि औषधांचा डबा आतल्या कप्प्यात असावा. पाहुणे येण्यापूर्वी अर्धा तास खिडक्या उघडाव्यात. अगरबत्ती, डांबरगोळ्या किंवा सुगंधी फवारा यांचा मारा करू नये. त्याने खोकला येतो आणि हे लोक काय लपवत आहेत, अशी शंकाही येते.

पाहुणे आल्यावर आजी-आजोबांना आतल्या खोलीत बसवून दार लावून घेणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. ते घर त्यांचे आहे. त्यांची इच्छा असेल, तर त्यांनी आपल्या खुर्चीत बसूनच पाहुण्यांचे स्वागत करावे. सकाळचे ऊन कोणत्या खिडकीतून येते, पाणी किती वाजता येते, शेजार कसा आहे, हे त्यांच्याइतके नीट कोण सांगणार? इच्छा नसेल, तर तो तासभर शेजारी किंवा बागेत घालवावा. विक्रीची घाई आणि प्रकृतीच्या तक्रारी मात्र परक्यांसमोर बोलू नयेत. अडचण दिसली की भाव पडतो.

किमतीचा अंदाज शेजारच्यांच्या बोलण्यावरून बांधू नये. आपल्याच परिसरात नोंदणी झालेल्या अलीकडच्या व्यवहारांवरून तो घ्यावा. रोख रकमेचा आग्रह कोणी धरला, तर तेथेच थांबावे. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास कायद्याने मनाई आहे. किंमत ५० लाख रुपये किंवा अधिक असेल, तर घेणारा १ टक्का कर कापून सरकारजमा करतो. त्याचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. विक्रीनंतर २ वर्षांच्या आत दुसरे राहते घर घेतल्यास त्यात गुंतवलेल्या रकमेपुरती भांडवली नफ्यावरील करात सवलत मिळते. पूर्वी घेतलेल्या घरांसाठी कर मोजण्याचे नियम २३ जुलै २०२४ पासून बदलले आहेत, म्हणून करारापूर्वीच सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विक्रीची रक्कम ज्येष्ठांच्याच खात्यात जमा व्हावी. नव्या घराच्या कागदावर त्यांचे नाव असावे. ‘आम्ही आहोतच की’ हा मुलांचा शब्द मनापासूनचा असला, तरी कागदाची जागा शब्द घेऊ शकत नाही.

पुढचे घर ठरल्याशिवाय जुन्या घराच्या ताब्याची तारीख देऊ नये. करारात तीन महिन्यांची मुदत मागितली, तर खरा घेणारा ती देतो. हलण्याच्या दिवशी महिन्याभराची औषधे, चष्मा, कवळी, श्रवणयंत्र आणि डॉक्टरांचे कागद वेगळ्या पिशवीत, ज्येष्ठांच्या हाताशी असावेत. नव्या घरात सर्वप्रथम त्यांची खोली लावावी. तोच पलंग, त्याच बाजूला उशी, तेच घड्याळ, तोच देव्हारा. पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर रात्रभर दिवा असू द्यावा. पहिले काही आठवडे झोप उडणे, भूक मंदावणे, गप्प राहणे हे पुष्कळांना होते. ते महिनाभराहून अधिक टिकले किंवा अचानक भ्रम होऊ लागला, तर ‘नव्या जागेमुळे असेल’ म्हणून थांबू नये, डॉक्टरांना दाखवावे.

आमच्या आईचे घर पुढे विकले गेले. आज ती तळमजल्यावर राहते आणि रोज संध्याकाळी एकटी बागेपर्यंत जाऊन येते. नव्या घरात सामान लावताना सगळ्यांत आधी आम्ही तिला विचारले की स्टूल कुठे ठेवू. तिने जागा दाखवली. ते आजही तिथेच आहे.