अडुळसा: कुंपणावरचा आणि काढ्यातला

पावसाळा सरू लागला की खोकल्याचे रुग्ण वाढतात आणि त्यांच्या नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला असतो: दारच्या अडुळशाचा काढा द्यावा का?

अडुळसा हे आपल्याच भूमीतले सदाहरित झुडूप. पाने इतकी कडू, की शेळ्यासुद्धा सहसा तोंड लावीत नाहीत. म्हणूनच बांधावर, परसाच्या कुंपणाला तो पूर्वापार लावला गेला. समोरासमोर येणारी लांबट टोकदार पाने आणि जबडा उघडल्यासारखी पांढरी फुले ही त्याची खूण. संस्कृतात त्याला ‘सिंहास्य’ म्हणतात ते या फुलांमुळेच. पावसाळ्याच्या आरंभी जून फांदीचे वीतभर छाटे घेऊन दोन डोळे मातीत जातील असे रोवावेत. ऊन चालते, अर्धी सावलीही चालते. साचलेले पाणी मात्र मुळीच चालत नाही, मुळे कुजतात. कुंडीत लावणाऱ्यांनी तळाचे छिद्र अधूनमधून पाहावे. मूळ धरल्यावर फारशी निगा लागत नाही. वर्षातून एकदा छाटणी केली की झुडूप दाट राहते. गुडघे दुखणाऱ्या आजोबांनाही झेपेल अशी ही बागकाम-सोबत आहे.

औषध म्हणून त्याची ख्याती पोकळ नाही. पानांतील व्हॅसिसिन या द्रव्याच्या अभ्यासातूनच ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे, आज अनेक सिरपांत असणारे औषध घडले. माझी धास्ती वेगळी आहे. काढ्याने घसा निवतो आणि खोकल्याचे कारण तसेच राहते. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्यात थुंकीची तपासणी करावीच. क्षयरोगासाठी ती सरकारी केंद्रांत विनामूल्य होते. आडवे पडताच खोकला येत असेल, पायांवर सूज असेल, तर हृदय तपासावे. रक्तदाबासाठी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असेल, तर कोरडा खोकला त्या गोळीचाही असू शकतो. अशा वेळी गोळी परस्पर बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे; पर्यायी गोळ्या आहेत. थुंकीत रक्त दिसले, दम लागला किंवा वजन उतरू लागले, तर एक दिवसही थांबू नये.

मधुमेह असलेल्यांनी बाजारातल्या अडुळसा-सिरपमधील साखर बाटलीवर वाचून घ्यावी. काढ्यातला मध, गूळही त्याच हिशेबात धरावा. आणि घरात सून किंवा लेक गर्भवती असेल, तर आजोबांसाठी उकळलेला काढा तिला मुळीच देऊ नये. अडुळशाने गर्भाशय आकुंचन पावू शकते.