संरक्षणाची भिंत

स्त्रीच्या हिताच्या नावाखाली तिचीच वाट कशी अडविली जाते, याचे खाण-अभियांत्रिकीइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. एके काळी स्त्रिया खाणीत उतरून कोळसा वाहत असत. त्या जीवघेण्या कष्टांतून त्यांची सुटका व्हावी म्हणून १९२९ पासून निर्बंध आले. मात्र महायुद्धासाठी कोळसा कमी पडू लागताच १९४३ मध्ये बंदी उठली आणि १९४६ मध्ये पुन्हा लागू झाली! पुढे १९५२ च्या खाण कायद्याच्या ४६ व्या कलमाने भूमिगत कामास स्त्रियांना मज्जाव केला. टोपली वाहणारी मजूर आणि नकाशा वाचणारी अभियंता यांत त्याने भेद केला नाही. भूमिगत अनुभवाखेरीज खाण-व्यवस्थापकाचे अनिर्बंध प्रमाणपत्र नाही, आणि तो अनुभव घेण्यास बंदी. मग पदवीचा उपयोग काय?

जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने तांत्रिक, पर्यवेक्षकीय व व्यवस्थापकीय कामांसाठी हे दार किलकिले झाले. २०२१ मध्ये झारखंडातील चुरी येथील भूमिगत कोळसा खाणीत एक महिला अभियंता रुजू झाली. परंतु त्या सवलतीला पाळीत किमान तिघींच्या गटाची अट होती. जेथे जेमतेम एकच स्त्री पोचते, तेथे अशी अट सुरक्षिततेची की नकाराची?

खाणीत हवा व छताचा आधार यांची तजवीज माणूस उतरण्यापूर्वीच करावी लागते. स्त्रियांच्या सुरक्षिततेचीही तशीच व्हावी. ते व्यवस्थापनाचे कर्तव्य आहे. स्त्रीला नाकारण्याची सबब नव्हे.